दाढा गेल्या त्यांच्या, चावायचं मी

मी मिक्सर बोलतोय, आणि बोलणार तो आवाज चढवूनच. हळू बोलणं मला जमत नाही. ज्यांना त्रास होतो त्यांनी खुशाल दुसऱ्या खोलीत जावं. नाहीतरी या घरात माणसं एकमेकांपासून लांबच बसतात.

माझा जन्म कारखान्यातला. एका दिवसात आम्ही चारशे भाऊ जन्मलो. प्रत्येकाला अर्धं मिनिट फिरवून पाहिलं, थर्माकोलमध्ये कोंबलं आणि खोक्यावर एका हसऱ्या बाईचं चित्र चिकटवलं. तसली हसरी बाई मला पुढे कुठे भेटली नाही.

मला घेतलं ते या घरच्या सुनेनं, लग्नाआधी, स्वतःच्या पहिल्या पगारातून. सासरी आली तेव्हा मला मांडीवर घेऊनच आली. दारात सासरे उभे होते. एका मोठ्या कॅन्टीनचे मुख्य आचारी, सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हा भोंगा माझ्या ओट्यावर नको म्हणून सांगून टाकलं. वाटण दगडी खलबत्त्यातच व्हायला हवं, यंत्रात मसाला मरतो, असं त्यांचं मत. मरतो म्हणे! एकदा फिरवून तरी बघायचं होतं.

त्याच आठवड्यात सुनेनं पहिल्यांदा स्वयंपाक केला. पाहुणे जेवायला बसले होते. वस्तादांनी एक घास घेतला, ताट पुढे सरकवलं आणि म्हणाले, "हे आजाऱ्याचं जेवण आहे."

पाहुणे हसले. ती हसली नाही. पाहुणे गेल्यावर तिनं त्यांच्या तोंडावर सांगितलं, की हा शब्द मागे घेईपर्यंत माझ्या हातचा घास तुम्हाला मिळणार नाही. वस्ताद म्हणाले, सुटलो. तेव्हापासून सहा वर्षं एका घरात दोन स्वयंपाक चालले आहेत. मुलगा मालट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरी असला की दोघांची मर्जी राखायला दोनदा जेवतो आणि पोट धरून बसतो.

मी माळ्यावर पडलेला असायचो. वस्ताद कामावर गेले की ती मला गुपचूप उतरवायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून अंगावर जाड टॉवेल टाकायची आणि भांडं गळ्यापर्यंत भरून मला गरागरा फिरवायची. टॉवेलाखाली जीव गुदमरतो, हे तिच्या गावीही नसायचं. तेव्हा मी तिच्या बाजूचा आहे असं कुणी समजू नये. माझा दोघांवरही राग आहे.

मग वस्तादांच्या दाढा गेल्या. उभा जन्म हाडं फोडून खाल्ली आणि उकळत्या पातेल्यातून चव घेतली, दुसरं काय होणार? दंतवैद्यानं खालच्या चार दाढा एका बैठकीत काढल्या, टाके घातले आणि हातात एक कागद दिला. दहा दिवस मऊ, पातळ, बारीक केलेलं खा, असं वर ठळक लिहिलं होतं. त्याखाली आणखी बऱ्याच ओळी होत्या. पण वस्तादांनी आयुष्यात दुसऱ्याची कृती शेवटपर्यंत वाचलेली नाही.

पहिले दोन दिवस थंड दुधावर काढले. तिसऱ्या दिवशी सून कामावर गेल्यावर हा माणूस स्टुलावर चढला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मला हात लावला. माझ्या भांड्यात काय ओतलं असेल? तिखटजाळ मटण, सुक्या मिरच्यांसकट, हाडांसकट! बारीक करा असं सांगितलं होतं, तर बारीक करतोय, असा यांचा हिशोब. एक हाड पात्यात अडकलं, मी तापलो आणि बंद पडलो. वस्तादांनी मला आडवं करून खालचं लाल बटण शोधलं, हाड काढलं, शिव्या घातल्या, पुन्हा चालू केलं. तो लाल रस त्यांनी वाटीभर प्यायला, तोही वाफ निघत असताना.

नंतर जे झालं ते मी ओट्यावरून पाहिलं. तोंड धरून ते बेसिनपाशी वाकले ते वाकलेलेच. टाके तुटले होते. मी लाल, बेसिन लाल. सून आली, माझ्या भांड्याचा वास घेतला आणि सगळं समजली. तशीच त्यांना दंतवैद्याकडे घेऊन गेली.

परत आल्यावर तिनं कागद भिंतीला चिकटवला आणि खालच्या ओळी मोठ्यानं वाचल्या. तिखट नको. गरम नको, कोमट चालेल. कडक, कुरकुरीत काही नको. नळीनं ओढून प्यायचं नाही, जखम उघडते. उपाशी राहायचं नाही, गोळ्या पोटात काही असल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. आणि आता यांच्या खाण्याकडे तुम्ही बघा, असं दंतवैद्यानं बजावलंय म्हणाली.

मग म्हणाली, "शब्द मागे घ्या बाबा. आत्ता रांधते."

वस्तादांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दुधाचा पेलासुद्धा परत पाठवला. मला वाटलं, मरा. माझ्या पात्याला अजून मिरची झोंबत होती, मला कुणाची कीव येणार?

दोन दिवस ते नुसत्या पाण्यावर राहिले. गोळ्या मात्र घेतल्या, रिकाम्या पोटी. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी घ्यायला आले, घेरी आली आणि आधाराला मला धरलं. मी काय आधार देणार? आम्ही दोघंही खाली. माझ्या झाकणाला चीर गेली. वस्ताद ओट्याला पाठ टेकून बसले.

सून धावत आली. तिनं त्यांना उठवून खुर्चीवर बसवलं आणि कुकर लावला. तिचे हात रागानं चालत होते, डबे आपटत होते. तांदूळ, बटाटा, गाजर मऊ शिजवलं, निववलं आणि माझ्या भांड्यात घातलं. या वेळी टॉवेल टाकला नाही. मिठाचा डबा तिनं हातात घेतला, क्षणभर धरला आणि तसाच परत ठेवला. ते फक्त मी पाहिलं.

वाटी त्यांच्यापुढे ठेवून ती म्हणाली, "आजाऱ्याचं जेवण आहे. आज तुम्ही आजारी आहात. खा."

वस्तादांनी चमचा उचलला. अर्धं हनुवटीवर सांडलं, पण वाटी संपवली. मग सुजलेल्या तोंडातून शब्द गोळा करत म्हणाले, "मीठ अगदी बेताचं पडलंय."

या माणसाच्या हाताखाली कितीतरी आचारी शिकले. त्यातल्या एकालाही त्यांनी असं म्हटलेलं नाही.

"मीठ घातलंच नाही मी," ती म्हणाली. "मुद्दाम."

"माहितेय," वस्ताद म्हणाले. आणि ज्या हातानं सहा वर्षांपूर्वी ताट सरकवलं होतं, त्याच हातानं रिकामी वाटी पुढे सरकवली. "वाढ अजून."

तिनं पदरानं नाक पुसलं, उरलेल्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि मला पुन्हा फिरवलं.

आता त्यांना नवे दात बसलेत. घरात स्वयंपाक एक, भांडणं पूर्वीइतकीच. मी ओट्यावर आहे, त्या खलबत्त्याच्या शेजारी, चिरलेलं झाकण घेऊन. नवं आणायचं कुणाला सुचलेलं नाही, आणि वस्ताद मला अजून भोंगाच म्हणतात.

तेव्हा ऐका, मग मी गप्प बसतो. तुमची दाढ काढली तर तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. चावायचं काम मी करीन, कुरकुर करत करीन. फक्त मिरच्या नकोत, हाडं काढून घाला, आणि मीठ विसरू नका.