लाल्याचं नख

मल्लाप्पा गवळ्याने मला सांगितलं होतं. एकदा नाही, दोनदा. दुधाची चरवी पायरीवर टेकवून, आमच्या लाल्याकडे आणि मग रस्त्याकडे बोट दाखवत तो म्हणाला होता, "अम्मा, उच्चु नायी! उच्चु नायी!" आणि मी हसून पातेलं पुढे केलं होतं.

नायी म्हणजे कुत्रा, एवढं मला कळत होतं. आणि उच्चु म्हणजे उच्चेच, दुसरं काय? पुण्याहून लग्न होऊन बंगळूरला आल्यावर मी शिकलेला तो बहुधा पहिलाच कानडी शब्द. सासरची माणसं तीन पिढ्या इथली. घरात मराठीच, पण तिच्यात कानडी पुरतं विरघळलेलं. आमची चंपा झाल्यापासून सासूबाई दिवसातून दहादा हाक मारायच्या, "अगं, पोरीनं उच्चे केली, दुपटं बदल!" तेव्हा मला वाटलं, लाल्याने याच्या सायकलवर पाय वर केला असणार. बी. ए.ला भाषा हाच माझा विषय होता.

आत जाऊन सासूबाईंना सांगितलं तेही माझ्या पुणेरी मराठीत. "मल्लाप्पा तक्रार करतोय. लाल्या कुठेही मुततो म्हणे."

"मुतेल नाहीतर काय, सोवळं नेसून संध्या करेल?" त्या म्हणाल्या. आम्ही दोघी खूप हसलो.

त्याच सकाळी लाल्या लंगडत होता. पुढच्या उजव्या पंजाचं एक नख मुळाशी उभं चिरलं होतं आणि आतला लाल जिवंत भाग उघडा पडला होता. मानेपाशी केस चिकट, ओले होते. चिखलात लोळला असेल, असं म्हणून मी फडक्याने पुसून टाकले.

राजाजीनगरात तेव्हा घरं थोडी आणि मोकळी जागा फार. जनावरांचा दवाखाना लांब. सगळं मीच केलं. त्याच्या तोंडाला परकराची नाडी बांधायची, पंजा कोमट मिठाच्या पाण्यात धरायचा, टिपायचा, बोरिक पावडर घालून जुन्या धोतराची पट्टी गुंडाळायची, वर चंपाचा आखूड झालेला पायमोजा. पहिल्या दिवशी रक्त थांबेना तेव्हा तुरटीचा खडा दाबून बसले. साडेतीन वर्षांची चंपा उठता बसता त्याच्या गळ्यात पडायची. तिला मी जवळ फिरकू देत नव्हते. नखात पू झाला, तोच पंजा हिच्या डोळ्याला लागला तर? मला असलंच सुचतं. रोज नख पाहायचं, हुंगायचं, सूज बोटाने चाचपायची.

"माझ्या शर्टाच्या बटणांकडे इतकं बघितलं असतंस तर!" मुकुंदराव ऑफिसला जाताना म्हणायचे.

साडेतीन आठवडे झाले. जखम वाळली, पण नखाचा अर्धा तुकडा सुटत नव्हता. चटईत अडकला की लाल्या किंचाळायचा. तो कापायलाच हवा होता आणि माझा हात धजत नव्हता. एका सकाळी नाडी घेऊन गेले, तर लाल्या माझ्यावर गुरगुरला. पहिल्यांदाच. मी नाडी खाली ठेवली आणि कोपऱ्यावरच्या जटक्यांच्या, म्हणजे इथल्या टांग्यांच्या, अड्ड्यावर गेले.

तिथे देवाप्पा घोड्यांना नाल मारायचा. निपाणीकडचा माणूस, साठीचा, डाव्या कानात बाळी. काम करताना खिळे ओठांत धरायचा आणि ओठांच्या दुसऱ्या कोपऱ्यातून बोलायचा.

"कुत्र्याचं नख व्हय? घोड्याच्या लाथा खाऊन म्हातारा झालो अक्का, ह्यो काय करतोय मला!"

"तोंड बांधायचं का?"

"नगं. तोंड बांधलं की मुकं जनावर जास्तच भ्यातं."

सकाळी तो गुरगुरला, हे मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. सांगितलं तर हा परत जाईल, अशी भीती वाटली. चंपाला घेऊन मी दारात उभी राहिले, उंबऱ्याच्या आत.

एका झटक्यात तुकडा निघाला आणि त्याच झटक्यात लाल्याने देवाप्पाचा डावा अंगठा धरला. दोन दात खोल गेले. देवाप्पाने अंगठा चोखला, थुंकला आणि हसला.

"फिट्टंफाट झाली, अक्का! त्येचं नख घेतलं, त्येनं माझं मागितलं."

मी कॉफी दिली. बाहेरच्या माणसांचा पितळी पेला आमच्याकडे फाटकाजवळच्या कोनाड्यात असायचा, त्यातून. कॉफी पिऊन त्याने पेला परत कोनाड्यात ठेवला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी लाल्याने पाण्याला तोंड लावलं नाही. भुंकला तर आवाज ओळखू येईना, घसा बसलेल्या माणसाने रडावं तसा. पायमोजा चावून गिळला. मग फाटकाचं लाकूड चावत बसला, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. तिसऱ्या सकाळी मल्लाप्पा आला, त्याने फाटकाबाहेरूनच बघितलं आणि चरवी घेऊन मागे सरला.

"अवत्ते एळ्दे अल्ला अम्मा!" त्या दिवशीच सांगितलं होतं ना! "उच्चु नायी अंता!"

सासूबाई माझ्यामागेच होत्या. त्यांनी खांदा धरून मला वळवलं.

"काय म्हणाला होता तुला? हेच? उच्चे नव्हे गं, हुच्चु! हुच्चु म्हणजे वेडं. पिसाळलेलं! हे खेड्यातले लोक ह गिळतात."

तळ्याकडून आलेलं एक पिसाळलेलं कुत्रं त्या पहाटे लाल्याशी झुंजलं होतं. मल्लाप्पाने डोळ्यांनी पाहिलं होतं. नख त्या झुंजीत चिरलं. मानेवरचा तो ओलेपणा चिखलाचा नव्हता.

दुपारी लाल्या कुंपण फोडून पळाला. संध्याकाळी कारखान्याच्या भिंतीपाशी मेलेला सापडला.

डॉक्टरांनी विचारलं, "चावा, ओरखडा, लाळ, घरातल्या कोणाकोणाला?" मी घरातली माणसं सांगितली. मी, चंपा, सासूबाई, मुकुंदराव. पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक. चंपाचे पाय धरून ठेवताना मला दुसरं काही दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. नवव्या दिवशी दवाखान्यातून येताना फाटक लावलं आणि कोनाड्याकडे नजर गेली. पेला तसाच होता. कडेला अंगठ्याचा ठसा, तपकिरी, वाळलेला.

मी चंपाला तिथेच सासूबाईंच्या हातात दिलं आणि अड्ड्यावर धावले.

"देवाप्पा? दसरा झाला तसा गेला की गावाकडं," एक जटकेवाला म्हणाला.

"गाव कुठलं?"

"निपाणीच्या अंगाला." दुसरा म्हणाला, "न्हाई, चिक्कोडीच्या. पण सरळ जायचा न्हाई त्यो. वाटेत जिथं घोडी, तिथं त्येचा मुक्काम."

नुसत्या 'देवाप्पा, नालबंद' या नावावर निपाणी-चिक्कोडीकडच्या गावांना मी अकरा पत्रं टाकली. सगळी परत आली. आता संक्रांत होऊन गेली. आमची चौदा इंजेक्शनं केव्हाच संपली, चंपा अंगणात खेळते. डॉक्टर म्हणतात, हा रोग महिन्यात उठतो, कधी सहा महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा. आधी चावल्या जागी मुंग्या येतात, आणि एकदा उठला की मग उपाय नाही. म्हणजे अजूनही वेळ असेल. किंवा नसेल.

तुमच्या गावात टांग्यांचा अड्डा असेल, बाजारात घोडी येत असतील, तर एकदा जाऊन बघा. डाव्या कानात बाळी, ओठांत खिळे, डाव्या अंगठ्यावर दोन दातांच्या खुणा. त्या अंगठ्याला मुंग्या येतात का, विचारा. नाही म्हणाला तर त्याचं काही ऐकू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. पण त्याआधी त्याला पाणी द्या, तुमच्या घरातल्या पेल्यातून. आणि तो ते पितो का, बघा.