बायजाची जीभ

काळूरामला बढाया मारायची भारी हौस, आणि बढाई मारावी अशा गोष्टी त्याच्यापाशी दोनच होत्या. एक खाडीवरची उघाडी आणि दुसरी बायको.

उघाडी म्हणजे मिठागराच्या बांधातलं लाकडी फळीचं दार. भरतीला फळी उचलून खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि ओहोटी लागायच्या आत फळी पाडून ते कोंडायचं. फळी पाडायला घटकाभर उशीर झाला की घेतलेलं सगळं पाणी आल्या वाटेने परत खाडीत. हे राखणीचं काम काळूरामच्या घरात तीन पिढ्या चालत आलेलं. बांधावरून पलीकडे आचोळ्याच्या नव्या बिल्डिंगा दिसत. तिकडून कोणी जमिनीचा दलाल फिरकलाच तर काळूराम छाती पुढे काढून सांगे, "आमच्या रगतात मीठ हाय. तुमच्या काय हाय?" दलाल बिचारा चपला झाडत निघून जाई.

बायकोची बढाई मात्र तिच्या पाठीमागे चाले. तोंडावर केली तर बायजा दोन शब्दांत त्याची हवा काढून टाकायची.

पण तिची जीभ होतीच तशी. हंगामाचं पहिलं मीठ वाफ्यातून ओढून राशीला लागलं की एक खडा उघाडीवरच्या देवाला, दुसरा बायजाच्या जिभेवर, आणि मगच टोपल्या उचलायच्या, अशी त्या मिठागरावर रीतच पडून गेली होती. बायजा डोळे मिटून खडा चघळे, बाजूला थुंके आणि निकाल देई. "कडू हाय. कडवं पानी निथळलं नाय." नाहीतर, "हे वरच्या वाफ्यातलं. चिखल लागलाय." वीस वर्षांत पहिलं मीठ तिने पहिल्या फटक्यात पास केलं, असं एकदाही घडलं नव्हतं. सासू परवडली पण बायजा नको, असं बाया म्हणत, आणि तिच्या होकाराशिवाय एक टोपली हलवत नसत.

नव्व्याण्णव साली मात्र आक्रीत घडलं. जानेवारी संपता संपता पहिली रास लागली. बायजाने खडा तोंडात टाकला, चघळला, गिळला आणि हात पुढे केला.

"आनि दे."

"कसं हाय?" काळूरामने धास्तावत विचारलं.

"चांगलं हाय."

काळूरामला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग त्याची छाती जी फुगली ती तीन महिने उतरली नाही. यंदाचं मीठच असं पिकलंय की बायजालाही खोड काढता आली नाही, हे त्याने पानाच्या टपरीपासून नालासोपाऱ्याच्या बाजारापर्यंत सगळ्यांना ऐकवलं. बायजा दुसऱ्या राशीलाही चांगलं म्हणाली, तिसऱ्या राशीलाही. खाली पडलेलं, मातीत मळलेलं मीठसुद्धा तिने उचलून खाल्लं आणि चांगलं म्हणाली. एवढ्यावर कुणीही शहाणा माणूस थबकला असता. पण कौतुक आपलं चाललेलं असताना कोण थबकतो?

पुढे तर ती येता-जाता मीठ खाऊ लागली. कमरेच्या ओच्यात खडे बांधून कामावर जाई. चहातही चिमूटभर टाकी. शेजारणी हसत, तर काळूरामच पुढे होऊन म्हणे, "आगरातली बाई मीठ नाय खानार तर काय पेढे खानार?" तिचं अंग वाळलं होतं, पाट्या उचलताना तिला भोवळ येई, उठून उभी राहिली की हात भिंतीला जाई. रंग तर इतका काळवंडला की ओळखीचे लोक दोनदा बघत. काळूराम म्हणे, ऊन यंदा कडक आहे. गावातल्या डॉक्टरने लाल टॉनिकची बाटली दिली. ती अर्धी संपली आणि बायजा होती तशीच राहिली.

या घरात एकच माणूस असं होतं ज्याला काळूरामच्या बढायांचं काही वाटत नसे, ते म्हणजे त्यांची मुलगी निधी. वसईत रक्त तपासणीच्या कोर्सला होती, दुसऱ्या वर्षाला. एप्रिलातल्या एका दुपारी आई जांभई देत होती आणि निधी तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. मग तिने आईचा हात ओढून तळवा उघडला.

"बाबा, इकडे ये. हे बघ. हाताच्या रेघा कशा काळ्या पडल्यात."

"ऊन, दुसरं काय!"

"ऊन हाताच्या रेघांत शिरतं? बरं, शिरलं. हिरड्या बघ. निळ्याकाळ्या डागांनी भरल्यात. हिरड्यांना कुठून ऊन लागलं? आई काय दिवसभर तोंड वासून फिरते?"

काळूराम चिडून पाट्या आवरू लागला. निधी म्हणाली, सोमवारी हिला वसईला डॉक्टर रेजिनांकडे नेते, रक्त काढू या. बायजा म्हणाली, हंगाम संपू दे. काळूरामच्या मनात मात्र एक किडा वळवळू लागला. पोरगी म्हणते काहीतरी बिघडलंय. मग बिघडलं कशाने? एवढं मूठमूठ मीठ पोटात गेलं, त्यानेच ना! आणि त्या मिठाची तारीफ कोण करत होतं? आपणच.

काळूराम अर्धं काम करणारा माणूस नव्हता. शनिवारी सकाळी त्याने मिठाची बरणी माळ्यावर टाकली, बायजाच्या ओच्यातले खडे काढून घेतले आणि जाहीर केलं, "आजपासून हिला मीठ बंद. पेज खायची, आळनी." बायजा आधी भांडली, मग विनवू लागली. जन्मात कुणापुढे हात न पसरलेली बाई चिमूटभर मिठासाठी नवऱ्याचे पाय धरू लागली. काळूरामचं काळीज हललं, पण तो बधला नाही. बायकोच्या भल्यासाठी आपण दगड झालो, याचाही त्याला जरा अभिमानच वाटला.

सोमवारी निधी कपडे करून तयार होण्याआधीच बायजा पडवीत कोसळली. ओकारी झाली, डोळे फिरले, हातपाय गार पडले. रिक्षा शोधायला वेळ कुठला? बांधाशी मीठ भरायला आलेला टेम्पो उभा होता. अर्ध्या भरलेल्या पोत्यांवर गोधडी टाकून तिला वसईला नेलं. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला काळूराम वाटभर एकच वाक्य म्हणत होता, "मना एकट्याला टाकून जाव नको गो." 

डॉक्टर रेजिना पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी रक्तदाब घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. निधीने न विचारता आईचा ओठ उचलून हिरड्या दाखवल्या, तळवा उघडला. म्हणाली, "मॅडम, तीन महिने मीठ मागून मागून खात होती." डॉक्टरांनी निधीकडे वळून पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं.

"आणि आता खात नाहीत?"

काळूरामने मान खाली घातली. "म्या बंद केलं. शनवारपासून. मिठानेच झालं ना हे?"

"भाऊ, मिठाने झालं नाही," डॉक्टर सुई टोचता टोचता म्हणाल्या. "मिठानेच ह्या आजपर्यंत जगल्या. तुम्ही बंद केलंत तेव्हा पडल्या."

काळूराम खाटेपाशी खालीच बसला. त्याच्या डोक्यावर, खांबाला, एक बाटली लटकत होती आणि तिच्यातून थेंब थेंब बायजाच्या हातात उतरत होता.

"ह्यात काय हाय?" त्याने निधीला विचारलं.

"मीठ-पाणी, बाबा."

दुपारी रक्ताचा निकाल आला. निधी स्वतः तो कागद घेऊन आली आणि बाकावर त्याच्या शेजारी बसली. कसं सांगावं तिला कळेना. मग ती सरळच म्हणाली, "आईच्या रक्तात मीठ राहिलेलं नाही. असायला हवं त्याहून खूप कमी आहे."

आयुष्यभर ज्या एका वाक्यावर काळूराम जगला, ते वाक्य त्या कागदाने खोटं पाडलं. तो म्हणाला, "एवढं खाल्लं, ते गेलं कुठं?"

निधीने पुस्तकातलं सांगायला सुरुवात केली. दोन मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान गाठी असतात, अधिवृक्क ग्रंथी. त्या रक्तात हार्मोन सोडतात. काळूरामचा चेहरा कोराच. निधी थांबली. मग तिने कागद उलटा केला आणि त्यावर एक बांध काढला, बांधात एक उघाडी काढली.

"हे बघ. शरीरातलं मीठ अडवायची उघाडी मूत्रपिंडात असते. पण फळी कधी पाडायची, ते मूत्रपिंडाला स्वतःला कळत नाही. वरच्या गाठीतला राखणदार रक्तातून निरोप धाडतो, फळी पाड, मीठ जाऊ देऊ नको. त्या निरोपालाच हार्मोन म्हणतात. आईचा राखणदारच मेलाय. माझ्या जन्मानंतर तिला क्षय झाला होता ना? तो बरा झाला, पण जाता जाता त्या गाठी खाऊन गेला, असं डॉक्टरांना वाटतं. आता उघाडी सताड उघडी. आई वरून कितीही ओतू दे, दर ओहोटीला मीठ बाहेर."

काळूराम कागदाकडे बघत होता. हे त्याला कळत होतं. जगात दुसरं काही कळलं नसतं तरी हे कळलं असतं.

"आनि काळी का पडली?"

"मेंदूखाली मालक बसलेला असतो, तोही गाठच. तो राखणदाराला हाका मारतोय. राखणदार ओ देत नाही, म्हणून मालक आणखी मोठ्याने ओरडतो. त्या ओरडण्याचं हार्मोन वाढतं आणि त्यानेच कातडी काळी पडते. जिथे ऊन लागत नाही तिथेही."

"म्हनजे तिचं अंग बोंब मारून सांगत व्हतं," काळूराम हळूच म्हणाला, "आनि मी आपल्याच मिठाचं कौतिक करत बसलो."

त्याचे डोळे भरून आले. निधीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात आतून नर्स बाहेर आली आणि म्हणाली, पेशंट उठून बसलीय, चहा मागतेय, आणि चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार करतेय.

डॉक्टर रेजिना जाता जाता काळूरामपाशी थांबल्या. "हा आजार ओळखायला आम्हाला महिने लागतात, भाऊ. तुमच्या मुलीने हिरड्या बघून पकडला." त्या पुढे निघून गेल्या. काळूराम उठून उभा राहिला, आणि जो समोर येईल त्याला, वॉर्डबॉयपासून पाणीवाल्यापर्यंत, निधीकडे बोट दाखवून सांगू लागला, "माझी पोर हाय ती." निधीने लाजेने कपाळावर हात मारून घेतला.

गोळ्या मागे लागल्या, त्या जन्मभराच्या. रोज सकाळी, न चुकता. ताप आला तर दुप्पट. हे डॉक्टरांनी तीनतीनदा बजावलं, पण काळूरामला एकदाच पुरलं. उधाणाच्या भरतीला तोही फळीवर दुसरी फळी चढवतोच की! त्याने सकाळच्या गोळ्या आपल्याकडे घेतल्या. बांधावर जाण्याआधी पाण्याचा पेला आणि गोळी हातावर ठेवून तो म्हणे, "घे गो, फळी पाड." पावसाळ्यात तिला एकदा ताप भरला, तेव्हा दुप्पट गोळी देऊन तो दिवसभर तिच्या उशाशी बसून राहिला. दिवाळीपर्यंत बायजाच्या अंगावर मांस आलं, रंग निवळला, आणि वाफे तयार करायला ती बाकीच्या बायांच्या आधी चिखलात उतरली.

दोन हजार साल लागलं. जानेवारीत पहिली रास ओढली. पांढरंशुभ्र मीठ उन्हात चमकत होतं. पलीकडे आचोळ्याच्या बिल्डिंगा आणखी दोन मजले वर गेल्या होत्या. एक खडा उघाडीवरच्या देवाला वाहिला. दुसरा काळूरामने बायजाच्या तळव्यावर ठेवला. बाया टोपल्या, चुंबळी घेऊन उभ्या. सुट्टी टाकून आलेली निधी बांधावर बसली होती. ही बाई आता काय बोलते त्यावर सगळं होतं. चांगलं म्हणाली तर? गिळून हात पुढे केला तर?

बायजाने डोळे मिटले. चघळलं. तिचं तोंड वाकडं झालं, आणि ती बाजूला पचकन थुंकली.

"कडू हाय," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "कडवं पानी निथळलंच नाय. घाई कोनाला झालती? पसर परत ती रास. असलं मीठ माझ्या आगरातून जायाचं नाय."

दिवसभराची मेहनत वाया गेली होती. वीस टोपल्यांची रास मोडून पुन्हा पसरायची होती. बाया कुरकुरू लागल्या, आणि बांधावर निधी ओढणीत तोंड लपवून हसत होती की रडत होती ते तिलाच ठाऊक.

काळूराम मात्र छाती पुढे काढून उभा होता. एवढी फुगलेली छाती त्या मिठागराने कधी पाहिली नव्हती.

"ऐकलंत?" तो सगळ्या खाडीला ऐकू जाईल असा ओरडला. "कडू हाय म्हनते! माझी बायको कडू हाय म्हनते!"