पडली तर उभी कर

पिठाच्या डब्यावर ठेवलेला फोन थरथरला आणि झाकण खणखणलं. मी लेकीची, नंदीची, वेणी घालत होते. ती दचकून मला बिलगली.

"अंजू, खोली तापली की गं!" सांगलीहून आप्पासो ओरडत होते. "हंबीररावानं दार उघडलं तर बेदाण्याच्या पेट्यांना पाणी सुटलंय. गारव्याची मशीन कवाची बंद पडलीया. तुजा मेसेज कुटं गेला?"

आप्पासोंचं कोल्ड स्टोरेज आहे. खोली तापायला लागली की रखवालदार हंबीररावांच्या फोनवर मेसेज धाडणारा प्रोग्राम मी लिहिला. विट्याला घरात बसून तो सांभाळते. या घरात निव्वळ माझं म्हणावं असं तेवढंच आहे.

"प्रोग्राम पडला आसंल."

"पडला असता तर उठला असता, आप्पासो."

फुशारकीनं नव्हतं म्हटलं. तिथल्या कॉम्प्युटरवर सगळ्या सर्व्हिसेसवर, म्हणजे मागं सतत चालणाऱ्या प्रोग्रामांवर, नजर ठेवणारा एक मॅनेजर असतो. त्याला मीच सांगून ठेवलंय, ही पडली तर पाच सेकंद थांब आणि उभी कर. पुन्हा पडली, पुन्हा उभी कर. नंदी चालायला शिकत होती तेव्हा नंतर जोडलेल्या ओळी त्या. एक डोळा स्क्रीनवर, एक तिच्या पावलांवर. पण कुणी जाणूनबुजून थांबवली, तर मॅनेजर हात लावत नाही. 'कायम उभी ठेव' असं लिहिलं तरी नाही. थांबवणारा आपलाच असणार, असं तो धरून चालतो.

लॅपटॉप उघडला. पडलेली सर्व्हिस लाल दिसते. ही करडी होती. सांगून थांबवलेली.

मी ती सुरू केली. "तिथं कुणी हात लावला का?"

"कोन लावतंय? हापिसची किल्ली माज्या कमरंला हाय. बघ तूच." त्यांनी फोन ठेवला.

लॅपटॉपवरून तिथं शिरायचा पासवर्ड आणखी एकालाच माहीत होता. नंदीच्या वेळी कळा सुरू असताना दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी तो नवऱ्याला, जयराजना, पाठ करायला लावला होता. "तू बाळाचं बघ, तुज्या बेदान्याचं मी बघतो," म्हणाले होते. आणि बघितलंही होतं, डोळ्यात तेल घालून.

जयराज मोरीपाशी दाढी करत होते. कोइमतूरला त्यांचं गलाईचं दुकान, सोनं गाळायचं. चार दिवस सुट्टीला आलेले.

"आवं, माझा लॅपटॉप घेतला होता का?"

"घेतला आसंल."

"सर्व्हिस बंद केलीत?"

त्यांनी गालावरचा फेस सावकाश पुसला. "किती दिस लोकांच्या पेट्या राखत बसनार, अंजे? आप्पासो दुसरा मानूस बघील, तू मोकळी हुशील. तिकडं दोन खोल्या घेतल्यात म्या. नंदीला शाळा बी बघून आलोय."

"मला विचारायचं तरी."

"इचारलं तवा न्हाईच म्हनतीस की!"

"म्हणून मला खोटं पाडायचं?"

"खोटं कशाला? कॉम्प्युटरची मशीन बिघडली म्हन. मशीनला काय तोंड हाय?" ते हसले. रागवले असते तर बरं झालं असतं. पण आवाजात माया होती, नंदीला औषध पाजताना असते तसली.

फोन पुन्हा वाजला. "घावलं का गं?" आप्पासोंनी विचारलं.

मशीन बिघडली म्हणायला एवढंसंच तोंड उघडायचं होतं.

"घरातनं बंद झालंय, आप्पासो."

पलीकडं पेट्या सरकवल्याचे आवाज थांबले. "घरातनं व्हय... बरं. पेट्या आमी पुसून घेतो. खोलीचं मी बघतो, घरचं तू बघ. पर पोरी, पुन्यांदा झालं तर मला दुसरा मानूस लावावा लागंल."

"व्हय."

जयराज टॉवेल खांद्यावर टाकून बॅग भरायला आत गेले. मी लॅपटॉप मांडीवर घेतला.

नंदी येऊन पाठीला टेकली. "काय लिव्हतीस?"

"नवा पासवर्ड."

"मला सांग की."

"कुणाला सांगायचा नसतो गं."

तिनं आतल्या खोलीकडं पाहिलं. मग माझ्या कानाला तोंड लावून हळूच विचारलं, "बाबाला पन न्हाई?"