भाकरी दिनाचा पुरावा

प्राध्यापक शामकांत धर्माधिकारी पुराव्याशिवाय बोलत नसत. बायको सहज म्हणाली, की आज भाजी जरा खारट झालीय, तरी ते विचारत, "कशावरून?" केडगावच्या त्यांच्या सोसायटीत एकदा त्यांना सेक्रेटरी करायचं घाटत होतं. पण मागच्या सभेच्या इतिवृत्तात सरांनी इतक्या चुका काढल्या, की लोकांनी हात जोडले. माणूस वाईट नव्हता. हुशार होता, कष्टाळू होता, आणि आपण हुशार आणि कष्टाळू आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

अशा या सरांकडे तात्यासाहेबांच्या प्रतिष्ठानची मंडळी आली. तात्यासाहेब म्हणजे जिल्हा परिषदेचे एके काळचे अध्यक्ष. त्यांना जाऊन बराच काळ लोटला, तरी त्या भागातल्या शाळेला, कॉलेजला, पतसंस्थेला नाव त्यांचंच. यंदा त्यांची जन्मशताब्दी होती, गौरवग्रंथ निघणार होता आणि त्यात सरांचा लेख हवा होता.

"मी आरती ओवाळणार नाही," सर म्हणाले. "मी त्यांच्या अध्यक्षपदातला फक्त एक दिवस घेईन. सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत. आणि प्रत्येक ओळीला सरकारी कागदाचा आधार."

मंडळींना काय, पानं भरल्याशी मतलब. ती हो म्हणून चहा पिऊन गेली.

दिवस कोणता, हे विचारायचं कारणच नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात हिवरदऱ्याला नालाबांधाचं काम चालू होतं. तात्यासाहेब पाहणीला गेले आणि बनुबाई नावाच्या एका मजूर बाईच्या चुलीपाशी बसून तिने थापलेली मिलोची भाकरी त्यांनी खाल्ली. मिलो म्हणजे त्या वर्षी रेशनवर आलेली परदेशी तांबडी ज्वारी, जी गिळताना माणसाच्या डोळ्यात पाणी यायचं. अध्यक्ष उकिडवे बसलेत, हातात भाकरी आहे, समोर पदर पुढे ओढून बनुबाई, हा फोटो तेव्हा पेपरात आला आणि पुढे प्रतिष्ठानच्या भिंतीभिंतीवर लागला. तात्यासाहेब गेल्यावर त्यांच्या पुण्यतिथीला हिवरदऱ्यात 'भाकरी दिन' सुरू झाला. मंडप पडतो, माईक किंचाळतो, नगरहून पाहुणे येतात. बनुबाई मंडपातल्या चुलीवर एक भाकरी थापून प्रमुख पाहुण्याच्या हातात देते. फोटो निघतो. आता बनुबाईची पार म्हातारी झाली, तरी थापते. गावातली पोरं तिला 'भाकरीवाली आजी' म्हणतात.

सर कामाला लागले. जिल्हा परिषदेच्या रेकॉर्ड रूममधली धूळ त्यांनी मनसोक्त खाल्ली. शिंका दिल्या, गठ्ठे सोडले, पुन्हा बांधले. जीपचं लॉगबुक सापडलं, दौऱ्याची दैनंदिनी सापडली, सभेची टिपणं सापडली. हळूहळू तो दिवस कागदांतून उठून बसायला लागला. सकाळी टँकरवरून सभापतींशी झालेली खडाजंगी, एका मास्तरच्या बदलीसाठी दारात येऊन बसलेली त्याची आई, करंजी घाटात पंक्चर झालेली जीप. सरांना इतका आनंद झाला, की जेवतानाही ते बायकोला जीपची हकीकत सांगत होते. दैनंदिनीत लिहिलं होतं, 'दुपारचे भोजन हिवरदरा येथे, मजुरांसमवेत.' झालं, दिवस पुरा झाला.

पण सरांना एका कागदावर झोप येत नसे. त्यांनी विश्रामगृहाची जुनी वही मागवली. तिथे त्याच तारखेला खानसाम्याने लिहून ठेवलं होतं, की साहेबांचे डबे बांधून हिवरदऱ्याच्या कामावर पाठवले.

दुसऱ्या कुणी पान उलटलं असतं. सरांच्या अंगावर काटा आला. भाकरी खाल्ली, तर मग डबे कुणाला? पन्नास वर्षं सगळा जिल्हा जे उराशी धरून बसला ते खोटं, आणि शोधून काढलं कुणी? धर्माधिकाऱ्यांनी! त्या आनंदात त्यांना तात्यासाहेब दिसत होते, फुटणारा पुतळा दिसत होता, समीक्षकांची पत्रंसुद्धा दिसत होती. बनुबाई काही दिसत नव्हती. तिचं नाव त्यांनी टिपणात 'हयात साक्षीदार' या मथळ्याखाली लिहिलं होतं.

रविवारी सर गाडी काढून हिवरदऱ्याला गेले. बनुबाईच्या मुलाला, गहिनीनाथला, त्यांनी आधीच फोन करून बजावलं होतं, की घरातली सगळी माणसं हजर ठेव.

घर टापटीप होतं. भिंतीवर तोच फोटो, त्याला ताजा हार. गहिनीनाथने सतरंजी अंथरली, त्याच्या बायकोने पाणी आणलं, आणि त्याची मुलगी निकिता चहा घेऊन आली. निकिता प्रतिष्ठानच्याच शाळेत शिकवत होती. लहानपणी आजीच्या भाकरीवर भाषण करून तिने तालुक्यात पहिलं बक्षीस मिळवलं होतं. तो चषक तिने आपण होऊन सरांना दाखवला. बनुबाई भिंतीला टेकून बसली होती. अंगाने वाळलेली, पण बसणं ताठ.

"आजी," सरांनी वही उघडली, "त्या दिवशी तात्यासाहेब तुमच्याकडे जेवले?"

"व्हय. फोटू हाय की तितं."

"फोटोत भाकरी हातात आहे. खाल्ली का?"

"खाल्ली." बनुबाईने पदर सारखा केला. "लई दिस झालं सर त्याला."

"मग हे काय?" सरांनी पिशवीतून झेरॉक्स काढली आणि खानसाम्याची नोंद सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली. "हे डबे कुणासाठी आले होते?"

बनुबाईने कागदाकडे पाहिलं. तिला अक्षरओळख नव्हती. मग तिने मुलाकडे, सुनेकडे, नातीकडे पाहिलं.

"सर, आपुन जरा बाहीर वट्ट्यावं बसू," ती म्हणाली. "तितं सांगते तुमाला."

आता कुणाही शहाण्या माणसाने उठावं आणि गपचूप ओट्यावर जावं. म्हातारी काहीतरी मागत होती, आणि फार मोठं काही मागत नव्हती. पण सरांची पद्धत आडवी आली. एकट्यात दिलेला जबाब उद्या फिरवता येतो, चार माणसांसमक्ष दिलेला पक्का, हे त्यांनी विद्यार्थ्यांच्या कैक पिढ्यांना शिकवलेलं.

"नाही नाही, इथंच बोला," ते हसून म्हणाले. "घरचीच तर माणसं आहेत. सगळ्यांसमोर झालेलं बरं."

"सांग ना गं आजी," निकिताही म्हणाली. तिला खात्रीच होती. "मला सांगतेस तसं सांग. 'बाई, तुझ्या हाताला चव आहे' असं म्हणाले होते ना ते?"

"हे वाक्य कुठल्याही कागदात नाही," सर म्हणाले.

निकिता लाल झाली. "कागदात नसेल. आजीला माहीत आहे."

सगळे बनुबाईकडे बघत राहिले. ती हातातल्या बांगडीशी चाळा करत होती.

"न्हाई खाल्ली त्यांनी," ती म्हणाली.

गहिनीनाथ हातातला कप खाली ठेवायचा विसरला.

"त्या खेपंचा मिलो भिजका आल्ता. पिठाला वास मारायचा. साहेब येनार म्हनल्यावर मी पीठ दोनदा चाळलं, भाकर चांगली खरपूस भाजली. त्यांनी हातात घेतली. फोटूवाल्यानं फोटू काढला. मंग तुकडा मोडून नाकापशी नेला आन ठिवला खाली, दगडावं. तवर डबं आलं. जीपच्या आडुशाला बसून जेवली समदी."

"आणि भाकरीचं काय झालं?" सरांनी विचारलं. पेन चालू होतं.

"मुंग्या लागल्या हुत्या. झटकून मनकर्नीला दिली. तेवढंच पीठ हुतं घरात."

मनकर्णा म्हणजे तिची थोरली. तेव्हा कडेवर होती, आता राहात्याला नातवंडांत असते. दर भाकरी दिनाला ती फोन करून विचारायची, औंदा पाव्हनं कोन आल्तं म्हणून.

सरांनी ओळ पुरी केली. खाली रेघ मारली. आणि मग, केवळ टिपण नीटनेटकं व्हावं म्हणून, त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला.

"मग आजी, इतकी वर्षं तुम्ही खोटं का बोललात?"

"बोलले खोटं," बनुबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण फाटला. "काय करू मंग? पाव्हना माझ्या चुलीपसनं उपाशी उठला. माझ्या हातची भाकर त्याला गिळंना. ही काय बाईमानसानं गावभर सांगायची गोष्ट हाय व्हय? लोकं म्हनली, खाल्ली. मला बरं वाटलं. मी म्हनलं, आसंल खाल्ली. पोरं शाळंत बोलाया लागली, तवा तर मला बी खरंच वाटाया लागलं हुतं."

सरांचं पेन थांबलं. तात्यासाहेबांचं गुपित फोडायला म्हणून ते इथवर आले होते. हे गुपित तात्यासाहेबांचं नव्हतंच. ते हिचं होतं. पुढाऱ्याला झाकण्यासाठी ही बाई पन्नास वर्षं गप्प बसली नव्हती, आपल्या हाताचा अपमान झाकण्यासाठी बसली होती. तात्यासाहेब तर कधीच सुटले होते. प्रतिष्ठानवाले उद्या एक ओळ गाळतील आणि मंडप घालतील. उघडी पडली ती ही, तीसुद्धा स्वतःच्या घरात, नातीच्या चषकासमोर. आणि तिने ओट्यावर चला म्हणून सांगितलं होतं.

सरांना लाज वाटली. वयाच्या या टप्प्यावर अशी लाज वाटू शकते हे त्यांना माहीत नव्हतं. कानाच्या पाळ्या तापल्या, वही कुठे लपवावी कळेना. पुरावा पक्का झाला होता. चार माणसांसमक्ष झाला होता.

"सर, हे पुस्तकात येणार?" निकिताने विचारलं. तिने आजीकडे बघायचं टाळलं, आणि ते आजीला दिसलं.

"नाही, नाही! मुळीच नाही," सर घाईने म्हणाले. "मी शब्द देतो. आजी, एक अक्षर छापणार नाही मी यातलं."

"लिवा की," बनुबाई म्हणाली. "मला वाचाया येत न्हाई. गावात तुमचं जाडजूड पुस्तक कोन उघडतंय? ज्यांना कळू नये वाटत हुतं, ती समदी हितंच बसल्यात."

बाहेर रस्त्याने टोमॅटोचा टेम्पो गेला. सर उठायला लागले, तसा गहिनीनाथ भानावर आला. राग त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता, पण घराची रीत रागापेक्षा जुनी होती.

"बसा सर," तो खालमानेने म्हणाला. "जेवल्याबिगर जायचं न्हाई. सैपाक झालाय, भाकरी तेवढ्या गरम टाकायच्या. आई, सरांना भाकर..."

आणि तो मध्येच थांबला. त्या घरात पाहुण्याची भाकरी आजीनेच थापायची, असा रिवाज होता. बनुबाई सवयीने उठली होती, चुलीकडे दोन पावलं गेलीही होती. परातीत पीठ काढून ठेवलेलं होतं. ती परातीपाशी थांबली, आपल्या हातांकडे तिने पाहिलं, आणि मागे फिरून होती तिथे येऊन बसली.

"सूनबाई, तू थाप," ती म्हणाली.

"आजी, तुमच्याच हातची द्या ना," सर काकुळतीला आले. "मी अख्खी खाईन."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं.

"खाताल की," बनुबाई म्हणाली. "आता कुनीबी खाईल, सर. कीव करून खाईल."

चुलीकडून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. सुनेने ताट आणून ठेवलं, वांग्याची भाजी, भाकरी, वर लोण्याचा गोळा. भाकरी पातळ होती, पांढरीशुभ्र होती, गावरान ज्वारीची. सरांनी मान खाली घालून तुकडा मोडला. घशाखाली उतरेना, पाण्याच्या घोटाबरोबर त्यांनी तो ढकलला, मग दुसरा. ताट स्वच्छ करून उठायचं एवढंच आता त्यांच्या हातात होतं. ते खाताहेत की टाकताहेत, हे त्या घरात कुणीही बघत नव्हतं.