दाबपट्टा आणि फतीरवाल्याचं बोट

मित्रांनो, मी एक जुना दाबपट्टा आहे. रक्तदाब मोजायला दंडावर बांधतात तो नव्हे. तो माझा चुलत भाऊ, दोन फुसकारे टाकतो आणि आकडा सांगून मोकळा होतो. मी धरतो म्हणजे धरतोच. अलेक्झांड्रियातल्या एका लहानशा इस्पितळात माझं अख्खं आयुष्य गेलं. समुद्राच्या खाऱ्या हवेनं माझ्या रबराची पार रया घालवली, तरी माझी हवा कधी भलत्या वेळी गेलेली नाही.

माझं काम ऐका. हाताचं ऑपरेशन असलं की हाताला घट्ट पट्टी गुंडाळून त्यातलं रक्त वर पिळून काढायचे आणि दंडावर मला फुगवायचे. मग शिरेत बधिर करणारं औषध सोडलं, की माझ्यामुळे ते हातातच अडकून पडे आणि सगळा हात गाढ झोपी जाई. मी मध्येच सुटलो तर ते औषध थेट हृदयाकडे धावेल, म्हणून थोरले भूलतज्ज्ञ डॉक्टर लुत्फी माझ्यावरून नजर हलवत नसत. आपल्याला आणि आपल्या पट्ट्याला तिसरं कोणी लागत नाही, असं ते येईल त्याला सांगायचे. अर्ध्या तासानं पेशंट दंड दुखतो म्हणून कण्हू लागे, तेवढं मात्र ते सांगत नसत. मीही सांगत नसे.

मग धाकटे डॉक्टर हाझिम आले, सोनोग्राफीचं यंत्र घेऊन. ते पडद्यावर नस बघून काखेत सुई घालायचे. हात संध्याकाळपर्यंत लाकडासारखा पडून राही, दुखणं नाही, कण्हणं नाही. माझी रवानगी दारामागच्या खिळ्यावर झाली. खोटं कशाला बोलू, त्या यंत्राची वायर एकदा तरी उंदरानं खावी असं मला फार वाटे.

अशात एक दिवस उस्ता बय्यूमी आले. कसबी कारागिराला आमच्याकडे उस्ता म्हणतात, आणि हे फतीरवाले, म्हणजे पदरांची तुपाळ रोटी करणारे. पीठ हवेत भिरकावून कागदाइतकं पातळ करायचं, तूप सोडून घड्या घालायच्या आणि भट्टीत सरकवायचं, हा त्यांचा धंदा. फुटक्या बरणीनं उजव्या तर्जनीची कंडरा, म्हणजे बोट ओढून वाकवणारी दोरी, तुटली होती.

"बोट वाकलं नाही तर पीठ फाटतं, डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. "आणि पीठ फाटायला लागलं तर मग मी कोण?"

शिवणार होत्या डॉक्टर नेव्हीन. लुत्फींनी मला खिळ्यावरून काढलं, झटकलं, आणि हवा भरण्याआधीच माझी छाती फुगली. हाझिम यंत्र ढकलत आले. बाईंनी दोघांनाही बाजूला केलं. त्यांनी बारीक सुईनं नुसतं तळहातात आणि बोटात औषध टोचलं, त्यात रक्त थांबवणारं औषध मिसळून. लुत्फींचा चेहरा उतरला. बोटात ते घातलं की बोट काळं पडतं, असं त्यांच्या पिढीकडून घोकून घेतलेलं. आता ते कोणी मानत नाही, असं बाईंनी शांतपणे सांगितलं आणि त्या कामाला लागल्या. मी परत खिळ्यावर.

कंडरा शिवून झाल्यावर बाईंनी बोट वाकवायला सांगितलं. दुखणं गेलं होतं, पण हलवायची ताकद शाबूत होती. ही करामत ना मला जमते, ना त्या यंत्राला. बोट अर्ध्यावर अडकलं. टाक्याची गाठ आत घासत होती. बाईंनी ती उसवून नव्यानं घातली. मी हात झोपवला असता तर हे कळलं कधी असतं? जखम भरल्यावर, दुकानात, पीठ फाटताना. लटकल्या लटकल्या मला घाम फुटला.

पण आता उस्ता घाबरले. वाकवा म्हटलं की डोळे गच्च मिटून घेत. पुन्हा अडकलेलं त्यांना बघायचंच नव्हतं. बाई समजावत होत्या, आणि नेमकी तेव्हाच दोन्ही भूलतज्ज्ञांची जुंपली. पट्टा असता तर रक्ताचा थेंब दिसला नसता, म्हणे लुत्फी. दंड दुखून पेशंटनं लाथ घातली असती, म्हणे हाझिम. म्हाताऱ्याच्या रबरापासून पोराच्या खेळण्यापर्यंत सगळं निघालं. उघड्या हाताचा मालक जागा आहे, याचं भान दोघांनाही नव्हतं.

आमच्याकडे माणूस तोंडाआधी हातानं बोलतो. गिऱ्हाइकं भांडायला लागली की दुकानदार पाची बोटांची टोकं जुळवून हात हलवतो, म्हणजे जरा दम धरा. उस्तांचं डोकं फिरलं आणि त्यांनी सवयीनं तेच केलं. उजव्या हातानं.

तर्जनी वळली आणि अंगठ्याला जाऊन टेकली. टाका जागचा हलला नाही. भांडणारे दोघे तोंड उघडं ठेवून गप्प झाले.

"उस्ता," नेव्हीनबाई म्हणाल्या, "यांना पुन्हा एकदा गप्प करा."

उस्तांनी डोळे उघडले, आपल्या बोटाकडे बघितलं, आणि पाची बोटं पुन्हा जुळवली. मग रडत रडत आणखी एकदा, कोणी काही बोलत नसताना. मलाही भरून आलं, हवा न भरता.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच. माझ्यासारख्या जुन्याला अधूनमधून पुसा, रबराला पावडर लावा, मी कधी ना कधी उपयोगी पडेन. पण ज्याचं पोट हातावर आहे असा कोणी आला, तर मला खुशाल खिळ्यावर राहू द्या. त्याला जागं ठेवा, आणि त्याचं बोट त्यालाच हलवू द्या.