पिशवीतला शेवटचा तुकडा

परीक्षा झाली की देवश्री नांदेडला वसतिगृहात जाणार, म्हणून मी तिच्यासाठी गोधडी शिवायला घेतली. चारी बाजू भरत आल्या. मधला चौकोन तेवढा मोकळा ठेवला होता. तिथे तिच्या आईच्या पिवळ्या परकराचा तुकडा लावायचा होता. अनुसूया, माझी लेक, देवश्रीला सहा महिन्यांची ठेवून काविळीने गेली. पोरीने आई फोटोतच पाहिली.

देवश्री शेजारी बसून मोठ्याने गणित वाचत होती. "पिशवीत पाच चेंडू, त्यातला एक पिवळा. न पाहता काढला, तर पिवळा निघण्याची संभाव्यता किती?"

"मी तर रोजच न पाहता काढते बाई," मी म्हणाले. माझ्या डोळ्यांना आता सगळे रंग मातकटच दिसतात.

ती हसली. "तुझ्या पिशवीत किती तुकडे राहिले?"

"पाचच. त्यात तुझ्या आईचा एक."

"मंग पाचात एक. काढ आजी. चाचपायचं न्हाई, हाताला येईल तो."

मी काढला. देवश्रीने पाहून सांगितलं, "निळा. आता चारात एक. वाढून राहिली बघ!"

"काय वाढून राहिली?"

"आशा म्हण की."

लाल निघाला, मग हिरवा. मला आमच्या गावचं, साखऱ्याचं अंगण आठवत होतं. पिवळा परकर खोचून ज्वारी पाखडणारी अनुसूया. चौथाही निळाच.

"एकच उरला! आता खात्रीच, आजी."

हात घातला. बोटांना गुळगुळीत टेरिकॉट लागलं. यांच्या जुन्या सदऱ्याचं. परकर तर सुती होता, धुऊन धुऊन मऊ झालेला. मी तुकडा बाहेर काढून तसाच धरला.

देवश्रीने वाकून पाहिलं. उत्तर चुकलं तर जेवत नाही अशी ही पोरगी.

"पिवळाच हाय," ती म्हणाली.

"बराबर बघितलंस?"

"व्हय. हळदीसारखा. लाव मधी."

सुई तिनेच ओवून दिली. दोन टाके घातले आणि आठवलं. तो तुकडा पिशवीत असणार कुठून? बाळंतपणात अनुसूयेने त्याचं टोपडं शिवलं होतं, याच पोरीला. ते केव्हाच विरून गेलं.

तिला सांगावंसं फार वाटलं. तुझ्या आईने तुझ्यासाठी शिवलेली तेवढीच एक वस्तू. पण ते सांगायचं, तर हातातला तुकडा पिवळा नाही हेही आलंच. मी टाके घालत राहिले.

"कसा दिसतो गं?"

"चांगला," ती म्हणाली, आणि वही मिटून तोंड फिरवून बसली.