खांबाची उजवी मांडी

माझे बाबा बास्केटबॉल खेळायचे आणि त्यांना उडी मारता येत नव्हती. कमी यायची असं नाही, येतच नव्हती. ते उडाले की त्यांच्या बुटांखालून वर्तमानपत्र जेमतेम सरकलं असतं. रविवारची पुरवणी आत असती तर अडकलं असतं. व्यवसायाने ते लिफ्ट दुरुस्त करत. "जन्मभर लोकांना वर नेलंस, स्वतः मात्र जमीन सोडली नाहीस," असं त्यांच्या संघातले बेकरीवाले काका त्यांना म्हणायचे. त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं होतं, "कोणीतरी खाली थांबावं लागतं. नाहीतर अडकल्यावर हाका कोणाला मारणार?"

दर रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये हा खेळ चालायचा. संघ दोनच, आणि वर्षानुवर्षं तेच. पोटं सुटलेली, गुडघ्यांना पट्टे बांधलेले. बाई असो, पुरुष असो, कोणीही चालायचं. अट एकच, सोमवारी कामावर जाता आलं पाहिजे. बाबांच्या नावावर अख्ख्या मोसमात चार-दोन बास्केट जमा व्हायच्या, त्यातली एखादी चुकून. तरी त्यांना कोणी बाकावर बसवलं नाही. का, ते कोणालाच सांगता यायचं नाही. कॅप्टन म्हणायचे, "तो असला की बरं वाटतं." कॅप्टन दंतवैद्य आहेत. त्यांच्याकडून याहून नेमक्या निदानाची अपेक्षा होती.

हिवाळा सरता सरता बाबा गेले. कामावरून आले, चहा मागितला, आणि आई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा ते नव्हते. याहून जास्त मला इथे लिहायचं नाही.

संघाची एक रीत आहे. खेळाडू गेला किंवा त्याने खेळ सोडला, की त्याची जर्सी घरच्यांकडे राहते आणि ती पुढे कोणाला द्यायची ते घरचे ठरवतात. पूर्वी कधीतरी एका खेळाडूच्या बायकोने भांडणात जर्सी परत द्यायला नकार दिला होता. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा नियम करणं सोपं वाटलं, म्हणून नियम झाला.

त्यामुळे एका संध्याकाळी कॅप्टन आणि बेकरीवाले काका आमच्याकडे आले. काकांच्या हातात बिस्किटांचा पुडा होता आणि दोघांची नजर माझ्या नवऱ्यावर होती, भूखंड बघायला आल्यासारखी. आमच्या घरात बल्ब बदलायला स्टूल लागत नाही, हे त्यांना माहीत होतं.

"वहिनी, घाई काहीच नाही," कॅप्टन आईला म्हणाले.

"जावईबापू, उंची किती हो तुमची?" काकांनी घाई केली.

"सहा-दोन."

"आणि उडून?"

"उडून कधी मोजली नाही."

"मोजू की."

"मी खेळते," मी म्हणाले.

काकांचं बिस्किट चहात बुडून तुटलं. मी कॉलेजात खेळले होते, हात बरा होता. पण उंचीने मी बाबांच्या कानाच्या पाळीपर्यंत येत होते, आणि बाबाच संघात सर्वांत बुटके होते.

मला ती जर्सी हवी होती. कारण साधं होतं. घरातले बाबा मला माहीत होते. लिफ्टच्या मशिनरूममधले, ग्रीसने काळे झालेले बाबाही माहीत होते. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचे. रविवारचे बाबा मात्र मी फक्त बाकावरून पाहिले होते, आणि बाकावरून ते काहीच करताना दिसत नसत. "तुम्ही तिथे नक्की करता काय?" हे विचारायचं राहून गेलं होतं.

आईने विणकाम खाली ठेवलं नाही. "एक रविवार जावयाला, एक रविवार हिला. मग मी ठरवीन."

"वहिनी, तुम्हाला तसं खेळातलं…" कॅप्टन घुटमळले.

"कळत नाही. पण ठरवता येतं."

पहिला रविवार नवऱ्याचा. त्याने जर्सी घातली, ती त्याच्या बेंबीशी संपली. पण तो उडाला आणि हॉलमधल्या सगळ्यांनी श्वास रोखला. माळ्यावरचा डबा काढावा तसा त्याने बोर्डावर आपटून आलेला चेंडू दोन्ही हातांनी काढला. टाळ्या पडल्या. पलीकडच्या संघातल्या एकाने तर खेळ सोडून टाळ्या वाजवल्या.

पलीकडच्या संघात एक खांब आहेत. हे त्यांचं नाव नव्हे, पण त्यांना दुसऱ्या कशाने हाक मारलेली मी ऐकली नाही. बाजारपेठेत त्यांचं चष्म्याचं दुकान आहे आणि वरच्या फळीवरची फ्रेम ते जागेवरून काढून देतात. नवरा उडायचा तेव्हा खांबकाका खाली उभे असायचे. त्याचा अंदाज चुकला की तो अजून हवेत असतानाच ते हात वर करायचे आणि चेंडू हातात येऊन बसायचा. नवरा दिमाखात वर जायचा, रिकाम्या हाताने खाली यायचा. बाबा असतानाही आमचा संघ हरायचाच, पण दोन-तीन गुणांनी, म्हणजे घरी सांगता येईल इतपत. त्या दिवशी पंचवीसने हरलो.

"उंची वाढली, उडी वाढली. मग हे असं कसं?" कॅप्टन म्हणाले.

"यीस्ट जास्त झालं," बेकरीवाले काका म्हणाले. "फुगलं भरपूर, आतून पोकळ."

"काका, मी इथेच आहे," नवरा म्हणाला.

दुसरा रविवार माझा. जर्सी माझ्या मांड्यांवर लोंबत होती. माझ्या दोन बास्केट चांगल्या झाल्या, एक पास तर इतका सुरेख की तो झेलायला कोणी तयारच नव्हतं. पण बास्केटपाशी चेंडू उडाला की मी वर बघायचे आणि माझ्या डोक्यावरून एक लांब हात येऊन तो घेऊन जायचा. "सॉरी हं बाळ," खांबकाका दर वेळी म्हणायचे. पंगतीत शेजारच्यापुढचं मीठ घ्यावं तशा सुरात. एकदा त्यांचं कोपर लागून माझा चष्मा वाकला, त्याबद्दल दोनदा सॉरी म्हणाले. आम्ही किती गुणांनी हरलो ते फलकावर मावलं, एवढंच.

"तुझा हात छान आहे, पोरी," कॅप्टन घाम पुसत म्हणाले, "पण…" आणि ज्या मऊ आवाजात ते 'हा दात वाचणार नाही' असं सांगतात त्या आवाजात गप्प झाले. बाकावर आई टाके मोजत होती. तिने दोन्ही रविवारी मान वर केल्याचं मला आठवत नव्हतं. जर्सी हातची गेली, असं धरून मी घरी आले.

चष्मा मात्र सरळ करायला हवा होता, आणि ज्यांनी वाकवला तेच गावात सर्वांत चांगला सरळ करत. सोमवारी मी खांबकाकांच्या दुकानात गेले. त्यांनी दांडी गरम हवेच्या झोतात धरली, बोटांनी हळूच दाबली, उजेडाकडे धरून पाहिली.

"तू वर का बघतेस गं?" त्यांनी चष्म्यालाच विचारल्यासारखं विचारलं.

"चेंडू वर असतो म्हणून."

"तुझा बाप कधी बघायचा नाही."

"मग काय बघायचे?"

"मला. आयुष्यात इतकं मला कोणी बघितलं नाही. बायकोनेसुद्धा."

मी काउंटरवर टेकले. हे सांगणारा माणूस पलीकडच्या संघात असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आणि दुसरं कोण सांगणार होतं? बाबा जे करायचे ते याच माणसावर करायचे.

"चेंडू फेकणाऱ्याचा बूट ऐकायचा," काका म्हणाले. "जमिनीवरून सुटताना चर्रकन वाजतो. तो वाजला की चेंडू विसरायचा आणि वळायचं. माणूस शोधायचा, त्याला पाठ लावायची आणि स्टुलावर बसतात तसं बसायचं. उडायचं नाही. उडणारा काय, परत येतोच. बसलेला माणूस हलत नाही. मी ढकललं की तो आणखी खाली बसायचा. मग चेंडू खाली पडायचा, तुमचा बेकरीवाला उचलायचा, टाळ्याही त्यालाच."

त्यांनी कोपऱ्यातला फ्रेमांचा उंच स्टँड ओढून आणला आणि त्याच्या मागे उभे राहिले. "हा मी. ये, वळ. अंहं, उजवीकडून."

"उजवीकडूनच का?"

"डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय माझं. त्यानंतर पहिल्यांदा खेळायला आलो, तेव्हा तो सवयीने डावीकडून आला. पट्टा बघितला आणि फिरून उजवीकडे गेला. मग कायमचा उजवीकडेच. तो बोलला नाही, मीही नाही. म्हणजे बघ, कोणत्या बाजूने येणार हे मला बारा महिने माहीत होतं, तरी त्याला हलवता आलं नाही."

मी वळले, पाठ लावली, बसले. काकांनी स्टँड ढकलला. फ्रेमा खडखडल्या, माझ्या टाचा घसरल्या. "गुडघे," ते मागून म्हणाले. "तुला वाटतं ना पुरे खाली गेले, त्याच्याही खाली." नेमक्या तेव्हा एक आजीबाई दार उघडून आत आल्या. मी खुर्ची नसताना बसलेली, मागे चष्म्यांचं झाड, झाडामागे खांब. त्यांनी क्षणभर पाहिलं.

"नंबर वाढलाय वाटतं माझा," त्या म्हणाल्या.

निघताना मी म्हणाले, "काका, हे तुमच्याच विरुद्ध शिकवताय."

ते चष्मा पुसत राहिले. "करमत नाही गं मला तिथे. चेंडू आपोआप हातात येतो. या वयात एवढं यश सोसत नाही."

पुढच्या रविवारी कॅप्टन आईपुढे उभे राहिले. "वहिनी, आज ठरवा. आमचं मत जावईबापूंना आहे. त्यांना वेळ दिला तर जमेल."

"अर्धा खेळ ते खेळतील, अर्धा ही," आई म्हणाली. "मग सांगते."

जर्सी एकच होती. अर्ध्या वेळेला नवऱ्याने ती अंगातून ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. पिळली असती तर पाणी निघालं असतं.

"सांभाळ, जड आहे," तो धापा टाकत म्हणाला.

"जर्सी?"

"खांबकाका."

ओली जर्सी चढवून मी आत गेले. फलकाची अवस्था नेहमीची होती. पहिल्या वेळी मी वर पाहिलंच. "सॉरी हं बाळ." दुसऱ्या वेळी बूट वाजला, पण ऐकूनही मला वळायला उशीर झाला. तिसऱ्या वेळी मी वळले. उजवीकडून गेले, पाठ लावली, बसले. मागून भिंत सरकावी तसे काका आले. मी गुडघे वाकवले, मग पुरे झाले असं वाटल्यावर आणखी वाकवले.

आणि मला हॉल दिसला. खेळणारे, न खेळणारे, सगळ्यांची तोंडं वर होती, छताला कोणी लटकल्यासारखी. कॅप्टनचं तोंड तर उघडंच होतं. त्यांच्या दवाखान्यात दुसऱ्यांचं असतं तसं. बेकरीवाले काका ओठ चावत होते. माझा नवरा बाकावर बसल्या बसल्या वर निघाला होता. आपली सगळी माणसं एकाच वेळी, इतक्या जवळून, आणि आपल्याकडे कोणाचंच लक्ष नाही. बाबा रविवारी हे बघत होते.

एकच मान वर नव्हती. आई माझ्याकडे बघत होती. तिच्या सुया थांबल्या होत्या.

माझ्या पुढ्यात धप्पकन आवाज झाला. बेकरीवाले काकांनी पुढे होऊन चेंडू उचलला, भट्टीतून ट्रे काढतात तसा छातीपासून लांब धरून, आणि टाळ्या पडल्या. त्यानंतर मी प्रत्येक वेळी बसले. काही वेळा घसरले. वर एकदाही पाहिलं नाही, त्यामुळे त्या अर्ध्या खेळाबद्दल मला फारसं सांगता येणार नाही.

आम्ही दोन गुणांनी हरलो.

"बऱ्याच दिवसांनी नीट हरलो," कॅप्टन खुशीत म्हणाले. घोळका आईच्या बाकापाशी जमला. "वहिनी, माझं ऐकाल तर जर्सी जावईबापूंनाच द्या. त्यांनी पहिल्या अर्ध्यात खांबाला उड्यांनी दमवलं, म्हणून दुसऱ्या अर्ध्यात चेंडू आपल्याकडे आला. ही बिचारी धडपडली, पण हिच्या हातात चेंडू एकदाही दिसला नाही."

हे खरंच होतं. बोलायला गेले असते तर काय सांगणार, की मी बसले होते?

इतक्यात खांबकाका आले. लंगडत होते, आणि जरा जास्तच लंगडत होते. "वहिनी, काही चोळायला आहे का हो तुमच्याकडे? मांडी गेली आज."

"कुठली?" आईने विचारलं.

"उजवी."

आईने सुया लोकरीच्या गुंड्यात टोचल्या. पिशवीत हात घालून मलमाची ट्यूब काढली आणि त्यांच्या हातात दिली. बाबांच्या पाठीसाठी ती दर रविवारी आणायची. अजून आणत होती.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ती जर्सी गरम पाण्यात टाकू नकोस. आणि वाळत घालताना उलटी घाल, नाहीतर आकडा उडतो."